वाचक विचारतात : लहान मुले आणि घरची भाजी

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : तीन ते सात वर्षांच्या मुलांना हाताशी घेऊन घरी, अंगणात किंवा बालवाडीत भाजी कशी लावावी. त्यांपैकी पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गॅलरीत सकाळी जेमतेम तीन तास ऊन येते. मागे टोमॅटोची रोपे आणून लावली, तेव्हा पहिले दोन दिवस तिने हौसेने पाणी घातले आणि नंतर तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिला गोडी लागेल असे काय लावता येईल? (एक आई)

उत्तर : टोमॅटोचे रोप लावल्यापासून लालबुंद फळ हाती येईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात, आणि फळभाजी म्हटली की रोजचे पाच-सहा तासांचे ऊन हवेच. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या लेखी उद्या आणि परवा एवढेच भविष्य असते. त्यामुळे तिने पाठ फिरवली यात तिचा दोष नाही, पीक चुकले. तिचे पहिले पीक असे हवे, की आज पेरले तर तीन दिवसांत काहीतरी दिसले पाहिजे आणि पंधरवड्यात ते ताटात आले पाहिजे. या कामी मेथीला तोड नाही.

मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या जुड्या मिळतात, त्या आपण पाहिल्या असतील : बोटभर उंचीची, मुळांसकट उपटलेली, वाळूचे कण चिकटलेली कोवळी मेथी. ती किनाऱ्याजवळच्या वाळूत दाट पेरून थोड्याच दिवसांत काढतात. नेमके हेच आपल्या गॅलरीत करता येते. स्वयंपाकघरातल्या डब्यातले दोन चमचे मेथीदाणे रात्री वाटीत भिजत घालावेत आणि ते मुलीनेच घालावेत. सकाळी दाणे फुगून दुप्पट झालेले असतात आणि हाताला बुळबुळीत लागतात, हे तिला बोटांनी पाहू द्यावे. मिठाईच्या प्लास्टिकच्या डब्याला तळाशी आपण भोके पाडून द्यावीत, त्यात तीन बोटे जाडीचा मातीचा थर भरावा, माती आधी ओली करून घ्यावी आणि मग तिने दाणे भुरभुरावेत. दाणे एकाच कोपऱ्यात ढिगाने पडले तरी ते सारखे करण्याचा मोह आवरावा. तो कोपरा दाट उगवेल, इतकेच. वरून मातीचा पातळ थर आणि त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद टाकावा. तिसऱ्या दिवशी माती जागोजागी उचललेली दिसू लागते. तेव्हा कागद काढावा. कोंब वर येतात, तेव्हा बऱ्याच रोपांच्या दोन जाड पानांच्या टोकाला बीचे पिवळसर टरफल अडकून राहिलेले असते. ते अलगद सोडवणे हे काम मोठ्यांच्या बोटांपेक्षा लहान बोटांना अधिक चांगले जमते, आणि घरातले एखादे काम आपल्यालाच नीट येते हे मुलांना फार लवकर कळते.

दहा-पंधरा दिवसांत मेथी चार बोटे उंच झाली की मुळांसकट उपटून, नीट धुऊन वरणात किंवा थालीपिठाच्या पिठात घालावी. पहिला डबा उगवला की लगेच दुसरा पेरावा, म्हणजे गॅलरीत काहीतरी कायम चालू राहते. हळीवही असेच झटपट येते. भिजवल्यावर त्याच्या प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक चिकट आवरण तयार होते आणि ते ओल्या सुती फडक्यावरही रुजते. कोथिंबीर मात्र पहिल्या फेरीत देऊ नये. धण्याच्या एका फळात दोन बिया असतात, म्हणून धणे लाटण्याखाली हलकेच रगडून दुभंगून घ्यावे लागतात, आणि तरीही कोंब दिसायला आठ ते बारा दिवस लागतात. तोवर मुलीचीच काय, आपलीही आशा संपते आणि कुंडी रिकामी केली जाते.

बियांबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. दुकानातल्या पाकिटांतील बिया गुलाबी, लाल किंवा निळ्या रंगाच्या दिसल्या, तर त्यांना बुरशीनाशक चोळलेले असते. त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. मेथी, धणे, मोहरी, चवळी या घरातल्या डब्यांतील जिन्नसांवर काम भागते. चवळी, वाटाणा, वाल असे टपोरे दाणे हाताळताना जवळ बसून राहावे, कारण या वयात दाणा नाकात किंवा कानात जायला क्षणही लागत नाही. शिवाय आपण तिसऱ्या मजल्यावर राहता, तेव्हा कठड्याला लागून एकही कुंडी ठेवू नये, कारण कुंडी ही मुलांच्या दृष्टीने पायरी असते. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओतून ताटली घासून घ्यावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ताटली ओतण्याचे काम मुलीकडे सोपवायला हरकत नाही, तेवढे पाणी सांडणे तिला आवडेलच.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा आणि चार वर्षांची नातवंडे मे महिन्यात मुंबईहून पंधरा दिवसांसाठी येतात. विहिरीला पाणी बेताचे असते. इतक्या थोड्या दिवसांत त्यांच्याकडून काय लावून घ्यावे? त्यांच्या हातातला मोबाइलही सुटत नाही. (एक आजोबा)

उत्तर : आजोबा, पंधरा दिवस पुष्कळ झाले, फक्त पीक काढण्याचा विचार सोडून पेरणीचा विचार करावा. मे महिन्याच्या उत्तरार्धात भोपळ्याची आळी करण्याइतके मुलांच्या मनाजोगे दुसरे काम नाही, कारण त्यात खणणे, वाहून आणणे आणि तुडवणे असे सगळे आहे. हातभर रुंद आणि तितकेच खोल आळे आपण खणून द्यावे, कडेची भुसभुशीत माती मुलांनी खुरपावी. जुने, पूर्ण कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा त्यांनी लहान टोपल्यांतून आणून टाकावा, वरून माती लोटावी आणि पायांनी दाबावी. कामाची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची ठेवावी. एक-दोन आळ्यांना दिवसाआड बादलीभर पाणी पुरते, आणि ते आंघोळीचे किंवा भांडी विसळल्याचे साबण नसलेले पाणी असले तरी चालते.

बी विकत आणू नये. मुले येतील त्या आठवड्यात लाल भोपळ्याची भाजी करावी, बिया मुलांकडूनच काढून, धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून घ्याव्यात आणि प्रत्येक आळ्यात बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल तीन-चार बिया टोचाव्यात. मेच्या उष्णतेत साधारण आठवड्याभरात जाडजूड दोन पाने घेऊन कोंब वर येतो. म्हणजे मुले मुंबईला परततात ती कोंब पाहूनच. पुढे मृगाचा पाऊस लागला की वेल आपली वाट आपण शोधतो.

गणपतीला मुले पुन्हा गावी येणार असतील, तर खरी मजा तेव्हा आहे. तोवर वेलावर नारळाएवढी कोवळी फळे धरलेली असतील. अशा फळाच्या सालीवर बाभळीच्या काट्याने वरच्यावर, फार खोल न जाता, नातवंडांची नावे कोरून द्यावीत. कोरलेल्या रेघांतून रसाचे थेंब येतात, ते वाळून तेथे खपली धरते, आणि फळ जसजसे फुगते तसतशी अक्षरेही रुंद होत जातात. दिवाळीच्या सुट्टीत पिकलेल्या भोपळ्यावर स्वतःचे नाव वाचायला मिळते. सहा वर्षांचा मुलगा नुकताच अक्षरे शिकलेला असल्यामुळे नाव त्यानेच आधी सालीवर पेनाने लिहावे आणि आपण ते गिरवावे. वेलांटी चुकली तर चुकलेलीच कोरावी.

फुलांचा मामलाही गणपतीच्या सुट्टीतच दाखवता येईल. भोपळ्याच्या वेलावर आधी नुसती नर फुले येतात आणि गळून पडतात, ते पाहून माणसे घाबरतात. मादी फुलाच्या देठाशी मात्र सुरुवातीपासूनच लिंबाएवढा भोपळा असतो, तो चार वर्षांच्या मुलालाही ओळखता येतो. सकाळी लवकर, फूल टवटवीत असताना, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवावा. मधमाश्या कमी असतील तेथे या एका कृतीने फळ टिकते. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे त्याचे काम दिवेलागणीला करावे. उरलेल्या नर फुलांची भजी करावीत हे आपल्याला मी सांगायला नको. एक सावधगिरी अशी, की घरच्या बियांपासून आलेला दुधी किंवा काकडी चाखल्यावर कडू लागली, तर ती पूर्ण टाकून द्यावी. त्या कडूपणाने पोट बिघडते, क्वचित गंभीर विषबाधाही होते.

मोबाइल हिसकावून मुलांना बागेत पाठवले, तर बाग ही शिक्षा होऊन बसते. रोज सकाळी आळ्याचा एक फोटो काढण्याचे काम त्याच मोबाइलला द्यावे, आणि मुले मुंबईला गेल्यावर ते फोटो पाठवण्याचे काम आपण चालू ठेवावे.

प्रश्न : मी डहाणू तालुक्यात बालवाडी चालवते. बावीस मुले आहेत. समोर छोटे अंगण आहे. प्रत्येक मुलाला पाणी घालायचे असते, त्यामुळे रोपे कुजून जातात. नाही म्हटले तर रडारड होते. पावसाळ्यात तर अंगणात चिखलच असतो. (एक शिक्षिका)

उत्तर : आपण ज्या भागात काम करता, त्या भागातच ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. विकतच्या महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख, खडे यांनीच मुलांना शिकवता येते, हे त्यांनी तेथे करून दाखवले. आपल्या अडचणीवरचा उपायही साधनाचा नसून कामाच्या वाटणीचा आहे.

पाणी घालणे हे बागेतले एकमेव काम आहे, असे मुलांना वाटते, कारण आपण त्यांना दुसरे काम देतच नाही. म्हणून पाण्याच्या आधी तपासणी आणावी. रोज दोन मुले 'माती पाहणारी' नेमावीत. त्यांनी बोट दोन पेरे आत खुपसायचे, बाहेर काढून सर्वांना दाखवायचे. बोटाला माती चिकटली तर आज पाणी नाही, बोट कोरडे निघाले तर पाणी. हा निर्णय बाईंचा नसून बोटाचा असल्यामुळे रडारड निम्म्याने कमी होते. पाणी द्यायचे ठरले तर हंड्यातून तांब्याने न देता, झाकणाला चार-पाच बारीक भोके पाडलेल्या पाव लिटरच्या बाटलीतून द्यावे. बाटली रिकामी व्हायला वेळ लागतो, मुलाचे समाधान होते आणि मुळाशी डबके साचत नाही.

पावसाळ्यात पाणी घालण्याचा प्रश्नच मिटतो, मात्र माती पाहणाऱ्या मुलांना बेकार ठेवू नये. सरळ कडांची काचेची बरणी उघड्यावर ठेवून त्यांनी रोज सकाळी तिच्यात किती पाणी साचले ते कागदाच्या पट्टीवर खूण करून मोजावे आणि बरणी रिकामी करावी. त्या पट्ट्या तारखेप्रमाणे भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवल्या की पावसाचा तक्ताच तयार होतो, आणि आकडे न येणाऱ्या मुलालाही कोणत्या दिवशी जास्त पाऊस पडला ते सांगता येते.

चिखलावर उपाय म्हणजे गादीवाफा : वीतभर उंच, आणि मुलांचा हात मध्यापर्यंत पोहोचेल इतपतच, म्हणजे दोन ते अडीच फूट रुंद. आपल्याकडच्या मुसळधार पावसात पालक, कोथिंबीर, टोमॅटो यांच्या मागे लागू नये. ती दसऱ्यानंतरची पिके आहेत. जूनमध्ये भेंडी, चवळी आणि कुंपणाकडेला काकडी किंवा दोडका लावावा. प्रत्येक मुलाला वेगळी कुंडी देण्याच्या मी विरुद्ध आहे. बावीस कुंड्यांपैकी पाच-सहा मरतात, आणि नेमकी ज्या मुलांची मरतात त्यांना समजावणे कठीण होते. त्याऐवजी एकाच वाफ्यात प्रत्येक मुलाने एका जागी भेंडीच्या तीन बिया टोचाव्यात, म्हणजे एखादी तरी उगवते. भेंडीच्या बिया पाकिटातल्या असतात, म्हणून आपल्याच गावात कोणी राखून ठेवलेले गावठी बी मिळवावे. खुणेसाठी काड्यांवर लिहिलेली नावे पावसात धुऊन जातात. तेलरंगाने चित्र काढलेला एकेक दगड ठेवावा.

भेंडी मुद्दाम सुचवण्याचे कारण असे, की तिचे वेळापत्रक मुलांच्या आवाक्यातले आहे. पेरल्यापासून सुमारे दीड महिन्यात फूल येते. ते सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. फिकट पिवळ्या पाकळ्यांच्या तळाशी गडद किरमिजी डाग असतो. उमललेल्या फुलाशेजारी रंगीत दोरा बांधला, तर तेथून पाच-सहा दिवसांत कोवळी भेंडी तोडायला येते, आणि हे दिवस मुलांना बोटांवर मोजता येतात. उशीर झाला तर भेंडी जून होते, ती तशीच वाळू द्यावी, पुढच्या वर्षीचे बी मिळेल. भेंडीच्या बारीक लवेने काहींना खाज सुटते, तेव्हा तोडण्याचे काम आपण कात्रीने करावे आणि मुलांनी ती झेलावी.

अंगणाच्या पाणथळ कोपऱ्यात अळू असेल तर ते उपटून टाकू नये. पानावर वाटीभर पाणी ओतले की त्याचा थेंब न फुटता, पान न भिजवता इकडून तिकडे पळतो. पान वाकवून थेंब पळवण्याच्या खेळात मुले बराच वेळ रमतात, आणि अळवावरचे पाणी म्हणजे काय ते त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. देठाचा रस मात्र हाताला लागू देऊ नये, खाजतो.

प्रश्न : कोल्हापूरला आमच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडावर अळ्या झाल्या आहेत आणि चवळीवर काळा मावा पडला आहे. पाच वर्षांचा मुलगा दिवसभर तिथेच खेळतो. कोणते औषध फवारावे?

उत्तर : मूल खेळते त्या जागी रासायनिक कीटकनाशक फवारू नये. मावा असलेले कोवळे शेंडे पाण्याच्या जोरदार धारेने धुवावेत. हे काम पाच वर्षांच्या मुलाला पिचकारी देऊन सोपवले, तर तो ते रोज न सांगता करील. फारच वाढला असेल तर तेवढा शेंडा खुडून टाकावा.

लिंबावरच्या अळ्या बहुधा फुलपाखरांच्या आहेत. लहान असताना त्या काळ्या-पांढऱ्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि वाढल्यावर हिरव्यागार होतात. काडीने हलकेच स्पर्श केल्यास डोक्यामागून नारिंगी किंवा लालसर शिंगांची जोडी बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. राणी पाकोळी हे २०१५ सालापासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. तिच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. झाड मोठे असेल तर पाच-सात अळ्यांनी त्याचे काही बिघडत नाही. त्यांतली एक मोठी अळी डहाळीसह रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी, तोंडावर मलमलीचे फडके बांधावे आणि रोज लिंबाचीच ताजी पाने द्यावीत. ती खाणे थांबवून डहाळीला स्वतःला बांधून घेते, कोष करते, आणि साधारण दोन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येते. ते ओले पंख पसरून लटकलेले असताना हात लावू देऊ नये. पंख वाळायला तास-दोन तास लागतात. केसाळ सुरवंटाला मात्र मुलाने कधीच शिवू नये, हा नियम आधी शिकवावा आणि मग बरणी हाती द्यावी.

प्रश्न : माझा नातू अडीच वर्षांचा आहे. कुंडीतली माती तोंडात घालतो. सुनेने बागकाम बंद केले आहे. तिचे बरोबर आहे का? (एक आजी, नागपूर). याच आजींनी असेही विचारले आहे, की सहा वर्षांची मोठी नात एकही भाजी खात नाही. तिने स्वतः लावली तर खाईल का?

उत्तर : या वयात एखाद-दुसऱ्या वेळी माती तोंडात जाणे नवलाचे नाही, पण तो रोज आवडीने खात असेल, तर त्याला डॉक्टरांना दाखवावे. अंगात लोह कमी असले तरी मुले माती खातात, आणि त्यावर उपचार आहे. सुनेची काळजी रास्त आहे, पण बाग बंद न करता काम बदलता येईल. नातवाला मातीऐवजी पाण्याचे काम द्यावे. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले खत मुलांच्या कुंड्यांत कधीही घालू नये. नखे कापलेली असावीत आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊ मिळू नये. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्यांत आणि शाळांत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी दिली जाते. ती दोन्ही नातवंडांची चुकू देऊ नये. नातीची पाच ते सहा वर्षांदरम्यानची डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीची) मात्राही झाली आहे ना, हे एकदा लसीकरणाच्या कार्डावर पाहावे.

नातीबद्दल खात्रीने काही सांगता येणार नाही. स्वतः लावलेली मेथी मुले कौतुकाने तोडतात आणि ताटात बाजूला सारतात, हेही सर्रास घडते. 'तू लावलीस ना, मग खा' असे म्हटले की दुसऱ्या दिवशी ती कुंडीकडेही जात नाही. शिजवलेल्या भाजीऐवजी झाडावरून तोडून उभ्या उभ्या खाता येईल असे काहीतरी लावून पाहावे. नागपूरची थंडी मटाराला मानवते; नोव्हेंबरच्या सुरुवातीला अंगणात दोन ओळी पेराव्यात, वेलाला तुराट्यांचा आधार द्यावा आणि शेंगा भरल्या की तिला तेथे एकटी सोडावे. जोडीला मुळा पेरावा. तो महिना-दीड महिन्यात उपटायला येतो. त्यातले चार मुळे न उपटता तसेच राखावेत. त्यांना उंच दांडा येतो, पांढरी-जांभळट फुले येतात आणि त्यामागून हिरव्या डिंगऱ्या धरतात. कोवळी डिंगरी चावल्यावर आधी पाणीदार लागते आणि मागून हलकी झणझणते. नातीने ती खाल्ली नाही तर मोहरी-हिंगाची फोडणी देऊन आपण भाजी करावी, आणि दोन डिंगऱ्या पुढच्या वर्षीच्या बियांसाठी दांड्यावरच वाळू द्याव्यात.